पद्मिनीअक्कांचा हेल

वरणात खडा लागला, तर विनयाबाई खांबेटे तो मुकाट्याने ताटाच्या कडेला काढून ठेवत. पण पंगतीत कुणी ‘पानी’ मागितलं, की जेवण थांबलंच म्हणून समजा. मग समोर पाहुणा असो, व्याही असो, नाहीतर गोपीनाथरावांचे खुद्द डायरेक्टर असोत. बाई हातातला घास खाली ठेवत आणि म्हणत, “पा-णी. जीभ वर टाळूला लावायची. म्हणा बरं.” डायरेक्टरसाहेबांनी बिचाऱ्यांनी म्हटलं. पुन्हा मात्र ते जेवायला आले नाहीत.

बाई वाईच्या. वडील तिथल्या शाळेत मराठी शिकवायचे, आणि घरातही ते शाळेचे कपडे काढत पण शाळा काढत नसत. १९७१ साली लग्न होऊन विनया लखनऊला आली. नवरा, म्हणजे गोपीनाथराव, औषधी वनस्पतींवर संशोधन करणारा, स्वभावाने गार, दिवसभर पाला वाळवून वास घेत बसणारा. आधी संस्थेचं क्वार्टर, मग विकास नगरात स्वतःचं घर. लखनऊवाल्यांना आपल्या बोलण्याचा तोरा फार, हे विनयाने पहिल्या महिन्यातच ओळखलं. तिच्या हिंदीला शेजारच्या मिश्राइन तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं: हिंदी काय, येईल तशी येईल, पण माझी मराठी अशी राहील की तिच्यावर बोट ठेवायची कुणाची छाती होता कामा नये.

आणि तशी ती राहिली, निदान बाईंचा तसा समज होता. वाईहून आणलेली मराठी त्यांनी पैठणीसारखी जपली, आणि इतरांना हात धुतल्याशिवाय लावू दिली नाही. मराठी मंडळात रविवारी मुलांचा वर्ग त्याच घेत. गणपतीतलं निवेदन त्यांचंच. वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षक त्याच, आणि स्पर्धेची रीतही त्यांनीच घालून दिलेली. टेबलावर पूजेतली छोटी पितळी घंटी ठेवायची. उच्चार चुकला की घंटी वाजायची, मुलाने थांबायचं आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. वृंदावन योजना या लांबच्या वस्तीतून दोन गाड्या बदलून आलेली पोरं स्टेजवर चढताना घंटीकडे बघत बघत चढायची. मंडळातल्या मुलांना मराठी सगळी कळायची; बोलायला कुणी तयार नसायचं. बाई म्हणायच्या, शाळांनी वाट लावली.

शाळांचा त्यात वाटा असेलही. पण बाईंचा स्वतःचा मुलगा हृषीकेश दहाव्या वर्षापासून घरात हिंदीत उत्तरं द्यायला लागला, त्याला शाळा काय करणार? “आईसमोर मराठी बोलणं म्हणजे रोज इंटरव्ह्यू देणं,” असं त्याने पुढे बायकोला सांगितलं. बायको विभा, चौकातल्या श्रीवास्तवांची, तिने हसून सोडून दिलं. मग हिमानी झाली. या नातीवर बाईंनी सगळी आशा लावली. चार वर्षांची हिमानी एकदा धावत आली, “आजी, बघ, किती मोठा फूल!” बाई म्हणाल्या, “मोठा नाही, मोठं. किती मोठं फूल. म्हण.” पोरीने फुलाकडे बघितलं, आजीकडे बघितलं आणि फूल विभाला नेऊन दिलं. अशी किती फुलं विभाकडे गेली, त्याचा हिशेब बाईंनी ठेवला नाही.

२००८ साली समोरच्या घरात राव राहायला आले. जगदीश राव रेल्वेत इंजिनियर, निवृत्तीला चार वर्षं उरलेली. बायको पद्मिनी. बाई ओळख करून घ्यायला गेल्या ते ‘राव’ म्हणजे तेलुगू असावेत असं धरून, हिंदीची तयारी करून. दार उघडलं, आणि आतली काळीसावळी, नाकात दोन्हीकडे चमकी घातलेली बाई म्हणाली, “या वो, या. तुम्ही मराठी म्हणून कळालं. बसा. कॉफी घेतां की?”

विनयाबाई उंबऱ्यातच थबकल्या. मराठी होती, शब्दन् शब्द कळत होता. पण असा हेल त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. वाक्याचा शेवट लांबत जायचा आणि मधेच हिंदकळायचा. ‘ळ’ इतका जाडजूड, की तोंडात सुपारी धरल्यासारखा. पद्मिनीबाई तंजावरच्या. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेत उतरले ते तिथलेच झाले. सव्वातीनशे वर्षं घरात मराठी, दाराबाहेर तमिळ.

“तुम्ही फार वेगळं बोलता,” विनयाबाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने हे सौजन्य होतं.

“होय की,” पद्मिनीबाई मोकळेपणी हसल्या. “आमची मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात. हसूं देत वो. आमच्या पणजीला तरी कोठें पुणं ठाऊक होतं?”

घरी येऊन विनयाबाईंनी गोपीनाथरावांना नक्कल करून दाखवली. ते मनापासून हसले आणि म्हणाले, “गोड बोलते की मग!” बाईंना हसू हवं होतं, ‘गोड’ नको होतं. पहिली ठिणगी पडली ती इथे.

पुढच्या वर्षभरात मंडळाने पद्मिनीबाईंना डोक्यावर घेतलं. त्या अक्का झाल्या, साऱ्या गल्लीच्या, साऱ्या मंडळाच्या. त्यांच्या आंबट वरणाला लोक सांबार म्हणेनासे झाले. हळदीकुंकवाला बायका त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसत. “अक्का, ते पुन्हा म्हणा ना!” आणि अक्का म्हणत. कुणी हसलं तरी हसत. विनयाबाई लांब बसून वाण वाटत, आणि हसण्याचा प्रत्येक फवारा त्यांच्या नाकाला मिरच्यांसारखा झोंबे. पस्तीस वर्षं या बायकांना शुद्ध काय ते शिकवलं, आणि यांना गोडी लागली ती वाकड्याची! त्यांना हेवा वाटत होता. हा शब्द त्या स्वतःशीही उच्चारत नव्हत्या, तो भाग वेगळा. “भाषेची काळजी वाटते,” असं त्या म्हणत.

हिमानी समोरच्या घरी कधी जायला लागली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आधी कॉफीच्या वासाने गेली असेल, लहान पोरांना कॉफी देणारं विकास नगरात तेवढं एकच घर. मग शाळेतून आल्यावर रोज. एका दुपारी बाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. समोरच्या अंगणातून आवाज आला. अक्का कसलं तरी पीठ भाजत होत्या, आणि हिमानी पायरीवर बसून बोलत होती. मराठीत! घडाघडा, हातवारे करत, शाळेतल्या कुठल्या मॅडम कशा चालतात ते सांगत होती. चुकत होती, अडत होती, मधे ‘यार’ घालत होती, आणि अक्का “मग? मग काय केली ती?” करत पुढे ढकलत होत्या. आणि पोरीचं वाक्य शेवटाला लांबत होतं, हिंदकळत होतं. वाईच्या शाळामास्तरांची पणती तंजावरच्या हेलात बोलत होती.

बाईंच्या हातातला पापड तुटला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. जी मराठी त्यांनी नऊ वर्षं मागितली, दटावून मागितली, गोंजारून मागितली, ती पोरीने या परक्या बाईच्या पायरीवर अशी ओतली होती. त्या संध्याकाळी त्यांनी हिमानीला जवळ बसवून विचारलं, “आज काय झालं ग शाळेत?”

“कुछ नहीं, आजी,” हिमानी म्हणाली.

२०१० च्या उन्हाळ्यात पुण्याहून अमृता नावाची एक मुलगी आली. महाराष्ट्राबाहेरची मराठी कशी बोलली जाते, याचा अभ्यास करायची, लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून न्यायची. मंडळाने साहजिकच तिला विनयाबाईंकडे धाडलं. बाईंनी इरकल नेसली, वडिलांकडे पाठ केलेले उतारे मनात घोळवले, श्रीखंड केलं. अमृताने श्रीखंड चाटूनपुसून खाल्लं, बाईंचं बोलणं थोडा वेळ रेकॉर्ड केलं, आणि मग विचारलं, “इथे समोर तंजावरच्या कुणी राहतात ना?”

ती समोर गेली ती दोन दिवस तिथेच. परत निरोप घ्यायला आली तेव्हा तिचे डोळे लुकलुकत होते. अक्कांच्या बोलण्यात महाराष्ट्रात केव्हाच पुसून गेलेले जुने सूर टिकून आहेत, आणि जोडीला तमिळचं वळण आलंय, असं काहीबाही ती सांगत सुटली. विनयाबाई ऐकून घेत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, “पण शुद्ध मराठी तुला माझ्याकडेच मिळाली असेल. मी वाईचं बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.”

अमृता जरा घुटमळली. पोर सरळ होती, खोटं बोलता येईना. “आजी, तुमचं मी ‘लखनऊची मराठी’ म्हणून लावलंय.”

“लखनऊची? मी वाईची आहे!”

“हो, पण... वाईत आता असं कुणी बोलत नाही. तुम्ही निघालात तेव्हाचे काही उच्चार तुमच्याकडे राहिलेत, तिथले पुढे गेले. आणि तुमच्या वाक्याचा सूर इथला झालाय. प्रश्न विचारताना तुम्ही आवाज कसा वर नेता, तसा इथे शेजारी नेतात. दर दोन वाक्यांना ‘हां तो’ म्हणता.” मग बाईंचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाली, “यात वाईट काही नाही. सगळ्यांचंच होतं. तंजावरला तीनशे वर्षांत जे झालं, ते तुमच्याकडे चाळीस वर्षांत सुरू झालंय, एवढंच. तीनशे वर्षांपूर्वीचा वाईचा माणूस आज उठून आला, तर तुम्हा दोघींचंही बोलणं त्याला विचित्रच वाटेल.”

“हां तो वाटू दे!” विनयाबाई ताडकन म्हणाल्या.

आतल्या खोलीत गोपीनाथरावांना खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची नव्हती.

त्या दिवसापासून बाई बोलताना स्वतःकडे कान देऊ लागल्या, आणि ते फार वाईट. भाजीवाल्याशी बोलताना, फोनवर वाईच्या वहिनीशी बोलताना. वहिनी एकदा सहज म्हणाली, “वन्सं, तुम्ही अगदी तिकडच्याच झालात हो,” आणि बाईंनी फोन ठेवून दिला. स्वतःजवळचं जपलेलं निसटलं, हे दुःख होतंच. पण खरी जळजळ वेगळी होती. बोलणं दोघींचंही बदललं होतं, मग तिच्या बदललेल्याचं कौतुक आणि माझ्या बदललेल्याला नुसतं लेबल? तिच्याकडे पोरीने जायचं, आणि माझ्याकडे ‘कुछ नहीं’?

त्या वर्षी गणपतीत वक्तृत्व स्पर्धेत हिमानीने स्वतःहून नाव दिलं. घरात कुणाला सांगितलं नाही. टेबलामागे बसलेल्या बाईंना नाव पुकारलं गेलं तेव्हाच कळलं. नातीच्या वेळी दुसरा परीक्षक बसवावा, असं कुणीतरी सुचवलं. बाईंनी हाताने उडवून लावलं.

हिमानी स्टेजवर आली. अकरा वर्षांची, परकर-पोलक्यात, केसांत अबोलीचा गजरा. तो अक्कांनीच कुठूनतरी मिळवलेला असणार. तिने घंटीकडे बघितलंसुद्धा नाही. समोर बघत, हात मागे बांधून, तिने गोष्ट सुरू केली. “एका राजाच्या घरीं एक म्हातारा आचारी होता. त्याला गोड कांहीं करतांच येत नव्हतं...” लांबलेला शेवट, जाड ‘ळ’, सगळं होतं. हॉलमध्ये लोक पुढे सरकून ऐकायला लागले. पोरगी सुंदर बोलत होती. हे बाईंना कळत होतं, आणि तेच सोसवत नव्हतं.

त्यांनी घंटी वाजवली.

हिमानी थांबली. रीत तिला ठाऊक होती. तिने वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी तसंच, त्याच हेलात. घंटी वाजली. तिने पुन्हा म्हटलं. आवाज जरा बारीक झाला होता, हेल तोच. बाईंनी पुन्हा घंटी वाजवली. हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. तिसऱ्या रांगेत अक्का मान खाली घालून बसल्या होत्या. हिमानी आजीकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, “तो जनाब, हुआ यूँ कि एक राजा के यहाँ एक बूढ़े बावर्ची थे...” आणि उरलेली गोष्ट तिने अस्सल लखनवी हिंदीत, थांबून थांबून, रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. ती उतरली आणि बापाशेजारी जाऊन बसली.

घरी येताना रिक्षात गोपीनाथराव बाईंकडे वळले. मग म्हणाले, “विनया, पोरीचा एकही शब्द चुकला नव्हता. मी नीट ऐकत होतो.”

“उच्चार चुकीचे होते.”

“कुणाचे?” त्यांनी विचारलं. “तिचे,” बाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत नवऱ्याशी त्या इतकं खोटं कधी बोलल्या नव्हत्या.

हिमानी त्यानंतर आजीशी अतिशय नीट वागायला लागली. “जी आजी. नहीं आजी. आप बैठिए, मैं ला देती हूँ.” भांडली असती तर बरं झालं असतं. मराठीचा शब्द म्हणून घरात काढला नाही. समोरच्या अंगणात मात्र तो काढत होती, तो गच्चीवरून ऐकू येत होता. बाईंचं गच्चीवर वाळवण फार वाढलं.

२०१२ साली राव निवृत्त झाले आणि चेन्नईला मुलाकडे निघाले. विनयाबाईंनी वाटेसाठी बेसनाचे लाडू केले, आणि त्या लाडवांत आनंद इतका कालवला होता की गोपीनाथराव म्हणाले, “जाणाऱ्यांना एवढे गोड लाडू कुणी देत नाही.” निरोपाच्या वेळी अक्का वाकून नमस्काराला आल्या. “विनयाक्का, येतें. पोरीला रागावूं नका वो. ती तुमचीच आहे की, माझी कोठें?”

बाई हसल्या, कुंकू लावलं, ओटी भरली. आणि टॅक्सी वळल्यावर घरात येऊन बसल्या त्या धुमसतच. माझीच नात मला दान देऊन गेली! कुणी मागितलं होतं?

पण आता मैदान मोकळं होतं. बाईंनी वाट पाहिली. दसरा गेला, दिवाळी गेली. हिमानी चौदा वर्षांची झाली, दारं लावून बसायला लागली. आणि मग बाईंच्या ध्यानात आलं, की रविवारी सकाळी त्या बंद दारामागून आवाज येतो. कान देऊन ऐकलं. मोबाईलवर पोरगी चेन्नईशी बोलत होती, मराठीत, लांबलांब शेवट ओढत. अंगण गेलं, पायरी गेली, बाई हजार कोसांवर गेली, आणि हेल होता तिथेच होता!

पहिल्या रविवारी बाई तणतणत तिथून निघून गेल्या. दुसऱ्या रविवारी काहीतरी शोधायचं निमित्त करून थांबल्या. घरात आता गोपीनाथरावांशिवाय मराठी बोलणारं कुणी नव्हतं, आणि त्यांना ऐकू येईनासं झालेलं, त्यामुळे तेही बोलत कमीच. तिसऱ्या रविवारपासून बाईंनी दाराशी बसायचा वेताचा मोढाच मांडला आणि मटार सोलायला तिथे बसू लागल्या.

“मम्मीजी, यहाँ अँधेरे में?” विभाने विचारलं.

“इथे गार वाटतं,” बाई म्हणाल्या. जानेवारी महिना होता. विभाने काही न बोलता त्यांच्या अंगावर शाल टाकली.

एका रविवारी दार अचानक उघडलं. हिमानी, कानाला फोन, आजीला तिथे बसलेली पाहून दचकली. मग फोनवर हात ठेवून म्हणाली, “आजी, रूठना को मराठी में क्या कहते हैं?”

बाईंच्या ओंजळीतले मटार खाली घरंगळले. अडीच वर्षांत पोरीने त्यांच्याकडे मराठीचा पहिलाच शब्द मागितला होता. “रुसणं,” त्या म्हणाल्या. “रुसणं ग.” पुढे ‘म्हण बरं’ जिभेवर आलं होतं, ते कसंबसं गिळलं.

“हां, रुसणं.” हिमानी आत वळली. दार या वेळी पुरतं लागलं नाही. “अक्का, मिळाला शब्द. मी रुसले होते आजीवर. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. हिमानीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “अत्ता कायला रुसूं? ती म्हातारी झाली की वो.”

विनयाबाई बसून राहिल्या. जे ऐकायला त्यांनी इतकी वर्षं कान टवकारले होते, ते अखेर ऐकू आलं होतं. आणि तेही पद्मिनीला सांगितलं गेलं होतं, त्यांना नाही. पण ते वाक्य डोक्यात घुमतच राहिलं. त्यांनी ते मनातल्या मनात आपल्या पद्धतीने म्हणून पाहिलं: आता कशाला रुसू, ती म्हातारी झाली. शब्द स्वच्छ आले, आणि कुणीतरी हात झटकून टाकावेत तसे कोरडे आले. त्यात माया कुठेच नव्हती. बाईंनी जिन्याकडे बघितलं, स्वयंपाकघराकडे बघितलं, कुणी नव्हतं. मग ओठ हलवून, हळूच, शेवट लांबवत, त्यांनी ते पोरीच्या हेलात म्हटलं.